एनव्हीडीएचं ॲप मॉड्यूल: योग्य वेळी बोलणं आणि नको तिथे गप्प राहणं

नाशिक परिसरात दृष्टिहीन कर्मचाऱ्याला कामावर ज्या सॉफ्टवेअरशी झगडावं लागतं, ते बरेचदा वर्ड किंवा ब्राउझर नसतं. ते असतं सातपूर-अंबडच्या कारखान्यातलं गेटपासचं, शरणपूर रोडवरच्या कर सल्लागाराकडचं बिलांचं, नाहीतर लासलगाव-पिंपळगावच्या आडतीवरचं हिशोबपट्टीचं. कुणीतरी कधीकाळी व्हिज्युअल बेसिकमध्ये बांधून दिलेलं आणि आजही चालू असलेलं. बनवताना स्क्रीन रीडरचा, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, विचार झालेला नसतो आणि बदलून द्यायला बनवणारा सापडत नाही. अशा वेळी स्क्रिप्ट, म्हणजे त्या सॉफ्टवेअरशी कसं वागायचं हे स्क्रीन रीडरला सांगणारा छोटा प्रोग्राम, लिहिणं हाच मार्ग उरतो. एनव्हीडीए या विंडोजवरच्या मोफत स्क्रीन रीडरमधल्या स्क्रिप्टच्या सोयीला, म्हणजे ॲप मॉड्यूलला, इथे दोनच कसोट्या लावल्या आहेत: हवी ती गोष्ट हव्या त्या क्षणी बोलता येते का, आणि बाकीची बडबड मुळाशी थांबवता येते का.

निकाल आधीच सांगतो. या दोन्ही कामांसाठी एनव्हीडीए आज उत्तम आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. पण त्याची कागदपत्रं अपुरी आहेत. नवशिक्याला सहज सापडतात त्या दोन आज्ञा, ‘टाइम डॉट स्लीप’ (थोडा वेळ थांबणं) आणि ‘कॅन्सलस्पीच’ (चालू बोलणं कापणं), नेमक्या चुकीच्या जागी वापरल्या जातात. (आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत.)

सुरुवात सोपी आहे. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ विभागात ‘डेव्हलपर स्क्रॅचपॅड’ चालू करायचं. त्याच विभागात नोंदलेल्या चुकांसाठी आवाज वाजवण्याचा पर्याय आहे, तोही लगेच चालू करावा. नाहीतर कोडमध्ये चूक झाली तर मॉड्यूल मुकाट्याने लोडच होत नाही आणि आपण भलतीकडे शोधत बसतो. मग स्क्रॅचपॅडमधल्या ‘ॲपमॉड्यूल्स’ फोल्डरात सॉफ्टवेअरच्या ईएक्सई फाइलच्या नावाचीच पायथन फाइल ठेवायची. पट्टी डॉट ईएक्सई असेल तर पट्टी डॉट पीवाय. बदल केला की एनव्हीडीए, कंट्रोल आणि एफ३ दाबलं की मॉड्यूल पुन्हा लोड होतं, एनव्हीडीए बंद-चालू करावं लागत नाही. एनव्हीडीए आणि एफ१ दाबलं की लॉग उघडतो आणि त्यात समोरच्या घटकाची सगळी माहिती येते: विंडो क्लास (खिडकीचा प्रकार), कंट्रोल आयडी (घटकाचा क्रमांक), भूमिका, नाव.

विंडो क्लासमध्ये ‘थंडरआरटी६’ दिसलं तर ते व्हिज्युअल बेसिक ६चं सॉफ्टवेअर. तिथे कंट्रोल आयडी स्थिर असतो, त्यावर भरवसा ठेवता येतो. ‘विंडोजफॉर्म्स१०’ दिसलं तर कंट्रोल आयडी प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर उघडल्यावर बदलतो. तो कोडमध्ये लिहिला तर आज चाललेली स्क्रिप्ट उद्या सकाळी चालणार नाही. तिथे ऑटोमेशन आयडी मिळत असेल तर तो धरावा.

आता वेळेचा प्रश्न. समजा, हिशोबपट्टीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बटणावर ‘पट्टी जतन कर आणि तिचा नंबर वाचून दाखव’ असं काम लावायचं आहे. सरळ विचार असा होतो: कंट्रोल एस पाठवा, मग फोकसवर, म्हणजे कीबोर्ड सध्या ज्या घटकावर आहे तिथे, जे आहे ते वाचा. ही स्क्रिप्ट जुनंच वाचते. कारण ‘सेंड’ ही आज्ञा बटण विंडोजच्या हवाली करते आणि लगेच परत येते. सॉफ्टवेअर ते बटण आपल्या सवडीने उचलतं, डेटाबेसमध्ये लिहितं, नवी चौकट उघडतं. मग फोकस बदलल्याची सूचना एनव्हीडीएकडे येते आणि तीही रांगेत उभी राहते. तुमची पुढची ओळ तोवर कधीच चालून गेलेली असते.

मग माणूस मध्ये अर्ध्या सेकंदाचं स्लीप टाकतो. इथे खरी फसगत होते. स्क्रिप्ट आणि इव्हेंट (सॉफ्टवेअरकडून येणाऱ्या सूचना) दोन्ही एनव्हीडीएच्या एकाच मुख्य धाग्यावर (थ्रेडवर) चालतात. स्लीप लागलं की तो धागा झोपतो. म्हणजे ज्या फोकसच्या सूचनेची वाट बघायची, तीच हाताळायला कुणी जागं नसतं. अर्ध्या सेकंदाने जाग आल्यावरही एनव्हीडीएच्या लेखी फोकस जुनाच असतो. दरम्यान वापरणाऱ्याने दाबलेली बटणं साचतात आणि नंतर एकदम धडाधड चालतात. स्लीप वाढवून दोन सेकंद केलं तरी उत्तर तेच. म्हणून ॲप मॉड्यूलमध्ये स्लीप नकोच.

त्याच्या जागी ‘कोअर डॉट कॉललेटर’ आहे. त्याला मिलिसेकंद आणि फंक्शन द्यायचं. ते लगेच परत येतं, मुख्य धागा मोकळा राहतो आणि ठरल्या वेळेनंतर फंक्शन चालतं. पण ‘५०० मिलिसेकंदांनी वाच’ असं लिहिणं हा अजून अंदाजच झाला. एसएसडी असलेल्या नव्या संगणकावर ते उशिरा वाटेल आणि ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, वर अँटिव्हायरसचं स्कॅन चालू अशा संगणकावर ते लवकर पडेल. आडतीवर आणि लहान कार्यालयांत दुसऱ्या जातीचे संगणकच जास्त असतात.

म्हणून थोड्या थोड्या वेळाने तपासावं. दर ५० मिलिसेकंदांनी फक्त एवढंच बघायचं: फोकस आता अपेक्षित विंडो क्लासवर आलं का? आलं तर वाचा. नाही तर आणखी ५० मिलिसेकंदांनी या. ४० वेळा झालं, म्हणजे २ सेकंद गेले, तर ‘चौकट उघडली नाही’ असं स्पष्ट सांगा आणि थांबा. हे शेवटचं वाक्य अनेक जण लिहीत नाहीत. मग वापरणाऱ्याला नुसती शांतता मिळते आणि पट्टी जतन झाली की नाही हेच कळत नाही. शेतकरी समोर उभा असताना ही शांतता परवडत नाही.

तपासणी हलकी ठेवावी, हे मात्र पक्कं. दर ५० मिलिसेकंदांनी सगळ्या खिडकीतले घटक चाळत बसलात तर प्रत्येक घटकासाठी दुसऱ्या प्रोसेसला विचारणा जाते आणि एनव्हीडीए अडखळायला लागतं. सॉफ्टवेअर अडकलेलं असेल तर ती विचारणा त्याच्यासोबत अडकते आणि एनव्हीडीएचा वॉचडॉग (अडकलेलं काम सोडवणारा पहारेकरी) मध्ये पडेपर्यंत आवाज बंद. फोकस बघा किंवा आधी पकडून ठेवलेला एक घटक बघा, त्यापलीकडे नको.

याहून चांगला मार्ग म्हणजे स्वतः विचारत न बसता इव्हेंटची वाट बघणं, आणि एनव्हीडीएची खरी ताकद इथेच आहे. स्क्रिप्टमध्ये एक खूण ठेवायची, ‘जतनाची वाट बघतोय’, आणि बटण पाठवायचं. मग ‘इव्हेंट गेनफोकस’मध्ये ती खूण आणि विंडो क्लास दोन्ही जुळले तर नंबर वाचायचा आणि खूण पुसायची. घड्याळ कुठेच आलं नाही, संगणक वेगवान असो वा संथ. फक्त खुणेला मुदत हवी. कंट्रोल एसनंतर वापरणाऱ्याने एस्केप दाबून दुसरीकडे मोर्चा वळवला तर ती खूण तशीच राहते आणि दहा मिनिटांनी भलत्याच चौकटीवर ‘पट्टी जतन झाली’ असं ऐकू येतं. पैशांच्या कामात खोटी ग्वाही शांततेपेक्षाही वाईट. २-३ सेकंदांनी खूण पुसणारा कॉललेटर सोबत लावावा आणि सॉफ्टवेअरमधून फोकस बाहेर गेलं की ती तशीही पुसावी.

बटण पाठवतानाची एक बारीक अडचण अशी. स्क्रिप्ट एनव्हीडीए, शिफ्ट आणि एखाद्या अक्षरावर लावली असेल तर ती चालू होते त्या क्षणी वापरणाऱ्याचं बोट शिफ्टवरच असतं. तुम्ही पाठवलेला ऑल्ट एफ सॉफ्टवेअरला ऑल्ट शिफ्ट एफ असा पोचू शकतो. मग ‘कधी चालते, कधी नाही’ अशी तक्रार येते, कारण स्क्रिप्ट बोट उचलण्याच्या वेगावर अवलंबून असते. शिफ्ट-कंट्रोल सुटलेत का हे आधी तपासून मगच पाठवावं, नाहीतर स्क्रिप्ट अशा बटणावर लावावी जिथे हा प्रश्न येत नाही.

आता बडबड. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती अनेक वाटांनी येते आणि वाट ओळखल्याशिवाय ती थांबवायला जाऊ नये. पहिलं काम म्हणजे लॉगची पातळी ‘इनपुट आउटपुट’ करणं. मग प्रत्येक बोललेलं वाक्य वेळेसकट लॉगमध्ये दिसतं. ॲडव्हान्स्ड विभागातल्या डीबग लॉगिंगच्या यादीत ‘टाइम सिन्स इनपुट’ आहे. ते निवडून पातळी ‘डीबग’ ठेवली की बटण दाबल्यापासून किती वेळ गेला हेही कळतं. एनव्हीडीए, कंट्रोल, शिफ्ट आणि एफ१ एकदा दाबून लॉगमध्ये खूण करायची, प्रसंग घडवायचा, पुन्हा दाबलं की तेवढाच तुकडा कॉपी होतो. या एका सोयीसाठी आम्ही एनव्हीडीएला पूर्ण गुण देतो. हजार ओळींत शोधण्याचं काम त्याने संपवलं.

सर्वांत जास्त ऐकू येते ती चौकटींची नावं. रक्कम भरायच्या जागी जाताना ‘पॅनेल १, पॅनेल ४, ग्रुप, हमाली’ असं वाचलं जातं आणि हवा असतो तो शेवटचा एकच शब्द. हे फोकसच्या वरच्या घटकांचं वाचन आहे. त्या पॅनेलसाठी ओव्हरले क्लास, म्हणजे घटकाच्या मूळ वागण्यावर चढवलेला आपला थर, करायचा आणि त्यात ‘इज प्रेझेंटेबल फोकस ॲन्सेस्टर’ हे फॉल्स ठेवायचं. पॅनेल गप्प, हमाली तशीच बोलते, कुठेही आवाज कापला जात नाही. नाव आणि वर्णन दोन्हीकडे तोच मजकूर असल्यामुळे ‘तोलाई तोलाई’ असं दोनदा येत असेल तर त्याच ओव्हरलेमध्ये वर्णन रिकामं करावं. ओव्हरले निवडणारं फंक्शन प्रत्येक घटकासाठी चालतं, म्हणून त्यात पहिली अट विंडो क्लासची लिहावी. नाव विचारणं महाग पडतं, ती अट नंतर.

फोकसच येऊन-जाऊन बडबड करत असेल, म्हणजे जतन होताना एक रिकामी खिडकी क्षणभर उघडून मिटत असेल, तर अनेक जण ‘इव्हेंट गेनफोकस’ लिहून त्यात ‘नेक्स्टहँडलर’ (सूचना पुढे नेणारं फंक्शन) बोलावत नाहीत. आवाज थांबतो खरा, पण ब्रेल डिस्प्लेही थांबतो. ब्रेलला फोकस कळवण्याचं काम त्याच पुढच्या साखळीत असतं, त्यामुळे बोटांखाली जुनी ओळ राहते. फक्त बोलणं थांबवायचं असेल तर त्या खिडकीच्या ओव्हरलेमध्ये ‘रिपोर्टफोकस’ रिकामं ठेवावं. ब्रेल चालू राहतं. हा फरक कुठेही ठळकपणे लिहिलेला नाही आणि त्यासाठी कागदपत्रांचे गुण कापले आहेत.

नव्या धाटणीच्या सॉफ्टवेअरमध्ये बडबडीची वाट वेगळी. विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून सॉफ्टवेअरला यूआयए नोटिफिकेशन पाठवता येतं, म्हणजे ‘हे वाक्य स्क्रीन रीडरने म्हणावं’ अशी थेट विनंती. ‘सिंक झालं’, ‘सिंक सुरू’ अशी रांग इथूनच येते. ‘इव्हेंट यूआयए नोटिफिकेशन’मध्ये वाक्यासोबत ‘ॲक्टिव्हिटी आयडी’ मिळतो. त्यावर गाळणी लावावी, वाक्यातल्या शब्दांवर नको. भाषा बदलली, एखादा आकडा वाढला की शब्दांवरची गाळणी फुटते.

काही सूचना हव्या असतात, पण इतक्या वेळा नको असतात. वजन काट्यावरून येणारा आकडा स्थिर होईपर्यंत सारखा बदलतो. प्रत्येक बदलावर आधीचा कॉललेटर थांबवून नवा ३०० मिलिसेकंदांचा लावायचा. मुख्य धाग्यावरून बोलावलं तर कॉललेटर एक वस्तू परत देतो आणि तिच्यावर ‘स्टॉप’ चालतं. आकडा टेकला की एकदाच वाचला जातो. मागे बोललेला आकडा लक्षात ठेवून तोच असेल तर गप्प राहावं. ३०० हा सुरुवातीचा आकडा आहे, काट्याच्या स्वभावाप्रमाणे तो बदलेल.

‘कॅन्सलस्पीच’ आम्ही शेवटच्या पर्यायातही शेवटी ठेवतो. तो त्या क्षणी जे चालू आहे ते कापतो. नको असलेलं वाक्य अजून यायचं असेल तर ते नंतर आरामात येतं, आणि आधीच येऊन गेलं असेल तर त्यामागचं हवं असलेलं वाक्य कापलं जातं. कुठल्या संगणकावर काय होईल याचा नेम नाही.

‘स्पीच मोड’ बंद करून काम उरकून पुन्हा चालू करणं, हे तर आम्ही कुणालाच सुचवणार नाही. डोळस माणसाला वाटेल, क्षणभराची शांतता आहे. पण मधल्या ओळीत चूक झाली आणि चालू करणारी ओळ गाठलीच नाही, तर वापरणाऱ्यापुढे मुका संगणक उरतो. काय बिघडलं हे सांगणारा आवाजच बंद. ‘ट्राय-फायनली’ (मध्ये चूक झाली तरी शेवटची ओळ चालवणारी रचना) लावलं म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण आत कॉललेटर असेल तर फायनली आधीच चालून जातं आणि खरं काम नंतर होतं. अगदीच गत्यंतर नसेल तर आधीचा मोड वाचून तोच परत लावावा. थेट ‘टॉक’ लावलं तर ज्याने बीप किंवा ऑन-डिमांड (विचारलं तरच बोलणं) निवडलं होतं त्याची निवड मोडते. ऑन-डिमांड मोड एनव्हीडीएच्या २०२४.१ आवृत्तीपासून आला आहे. माहिती विचारण्यासाठीची तुमची स्क्रिप्ट त्यात बोलायला हवी असेल तर तिच्या डेकोरेटरमध्ये (फंक्शनच्या वर लिहायच्या ओळीत) ‘स्पीक ऑन डिमांड’ ट्रू लिहावं लागतं.

आपल्याकडची आणखी एक नकोशी बडबड बाहेरच्या मार्गदर्शिकांत सहसा नसते: युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली मराठी. डोळ्यांना ‘किलो’ आणि ‘खर्च’ दिसतं, स्क्रीन रीडर मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चुथडा वाचतो. ओव्हरले क्लासमध्ये ‘गेट नेम’ नव्याने लिहून तिथे मजकूर युनिकोडमध्ये बदलून देता येतो आणि एनव्हीडीएतलं ईस्पीक ते मराठीत नीट वाचतं. पण अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. रफार तिथे शेवटी असतो, युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे बदलानंतर वेलांटी एक व्यंजन पुढे आणि रफार एक अक्षर मागे न्यावा लागतो, आणि जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षर ओलांडून. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. तक्ता मॉड्यूल लोड होताना एकदाच तयार करावा, कारण नाव एका फोकसमध्येही अनेकदा मागितलं जातं.

जॉज या परवाना घेऊन वापरायच्या स्क्रीन रीडरशी तुलना अटळ आहे. तिथे ‘शेड्यूलफंक्शन’ हेच कॉललेटरचं काम करतं, फक्त वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात देतात. म्हणजे ३०० मिलिसेकंदांसाठी ३. एनव्हीडीएकडून आलेला माणूस ३०० लिहितो आणि स्क्रिप्ट अर्धा मिनिट गप्प बसते. परत मिळालेल्या आयडीवर ‘अनशेड्यूलफंक्शन’ चालतं. ‘स्पीचऑफ’ आणि ‘स्पीचऑन’ची जोडीही आहे आणि तिचा धोका वर सांगितला तोच. जॉजची बाजू दोन ठिकाणी वरचढ आहे. स्क्रिप्ट शिकवणारी कागदपत्रं क्रमवार आहेत, आणि प्रत्येक बोलण्याला ‘आउटपुट टाइप’ देता येतो. त्यामुळे हे वाक्य मदतीचं आहे, ते चूक झाल्याची सूचना आहे, असं सांगितलं की किती ऐकायचं ते वापरणारा आपल्या व्हर्बोसिटीतून (किती बोलावं याच्या सेटिंगमधून) ठरवतो. एनव्हीडीएत असा विचार स्क्रिप्ट लिहिणाऱ्यालाच करावा लागतो. २०१९.३पासून तिथे बोलण्याला नॉर्मल, नेक्स्ट आणि नाऊ असे प्राधान्यक्रम आहेत, पण त्यांनी क्रम ठरतो, गरज ठरत नाही. कार्यालयाकडे जॉजचा परवाना आधीच असेल तर तिथेच लिहा. नव्याने घ्यायचा विचार असेल तर केवळ या कामासाठी घेऊ नका.

रिमोट डेस्कटॉपवरून चालणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला यातलं काहीही लागू पडत नाही, जोपर्यंत समोरच्या संगणकावरही स्क्रीन रीडर बसवलेला नाही. आपल्या बाजूच्या एनव्हीडीएला फक्त चित्र येतं.

गुण द्यायचे तर इव्हेंट हाताळणीला ५पैकी ५, लॉग आणि तपासणीला ५, वेळेच्या आज्ञांना ४, कागदपत्रांना २. देखभालीला ३, कारण दर वर्षीची पहिली आवृत्ती, म्हणजे शेवटी .१ असलेली, ॲड-ऑनची सुसंगती मोडू शकते. पॅक केलेल्या ॲड-ऑनच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलं हे लिहिलेलं असतं, म्हणून एनव्हीडीए ते आधीच अडवतं आणि सांगतं. स्क्रॅचपॅडमधल्या फाइलला असा मॅनिफेस्टच नसतो. म्हणून काम जमलं की ती स्क्रॅचपॅडमध्ये न ठेवता ॲड-ऑन म्हणून पॅक करून द्यावी. .१ आवृत्ती कार्यालयात टाकण्याआधी सर्वांत संथ संगणकावर तीन गोष्टी करून बघाव्यात: पट्टी लागोपाठ दोनदा जतन करणं, जतन चालू असताना ऑल्ट टॅबने बाहेर पडणं, आणि चौकट उघडण्याआधीच एस्केप दाबणं.